हातातला विमा आणि नवा कायदा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेत सरकारी आरोग्यविम्याचा विषय निघाला की सामान्य लोकांतूनच इतका कडवा विरोध का उभा राहतो, या विषयावर बरीच पत्रे आली आहेत. ज्या पत्रांत खरोखर वेगळा प्रश्न होता, ती निवडून उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : औषधोपचाराच्या खर्चाने अमेरिकेत माणसे कर्जबाजारी होतात, असे आपण नेहमी वाचतो. मग २००९ साली अध्यक्ष ओबामा यांनी सर्वांना विमा मिळावा म्हणून कायदा आणायचे ठरवले, तेव्हा सामान्य माणसेच सभांमधून आरडाओरडा करून तो हाणून पाडायला का निघाली? आपल्याच हिताच्या विरोधात माणूस असा कसा उभा राहू शकतो?

उत्तर : आपल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती आधी तपासून पाहायला हवी. त्या सभांमध्ये ओरडणाऱ्या बहुतेकांकडे विमा होता. २००९ साली अमेरिकेची लोकसंख्या तीस कोटींहून थोडी अधिक होती आणि त्यांपैकी पाच कोटींच्या आसपास लोकांना कोणताही आरोग्यविमा नव्हता. म्हणजे दर सहा माणसांपैकी पाच जणांचे कसे का होईना भागत होते. कायद्याचा मोठा लाभ सहाव्या माणसाला मिळणार होता, आणि सभागृहे भरली ती मुख्यतः उरलेल्या पाचांनी.

या पाचांचा विमा कसा जमत गेला, हे पाहिल्याशिवाय त्यांची भीती कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारने १९४२ साली पगारवाढीवर बंधने घातली. कामगार तर हवे होते, पण पगार वाढवून त्यांना ओढून घेता येत नव्हते. त्यामुळे कारखानदारांनी रुग्णालयाच्या खर्चाचा विमा देऊ केला, कारण त्याला ते बंधन नव्हते. पुढे १९५४ च्या करकायद्याने स्पष्टच केले की, कंपनीने भरलेला विम्याचा हप्ता कामगाराचे उत्पन्न धरले जाणार नाही आणि त्यावर प्राप्तिकर लागणार नाही. पगारात शंभर डॉलर वाढवण्यापेक्षा विम्यात शंभर डॉलर घालणे त्यामुळे दोघांनाही फायद्याचे ठरले. युद्धकाळात तात्पुरती म्हणून निघालेली ही वाट अशा रीतीने देशाचा हमरस्ता झाली. या व्यवस्थेतल्या कामगाराला पगारपत्रकावर फक्त आपल्या वाट्याचा हप्ता दिसतो. कंपनी भरत असलेला मोठा वाटा खरे तर त्याच्याच पगारातून वळता झालेला असतो, पण तो त्याच्या नजरेस पडत नाही. त्यामुळे आपला विमा स्वस्त आणि चांगला आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

१९६५ साली पासष्टीच्या पुढच्या वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. त्यानंतर जे बाहेर उरले ते कोण? छोट्या दुकानांतले नोकर, स्वतःचा लहानसा धंदा करणारे, दोन नोकऱ्यांच्या मध्ये अडकलेले, आणि पूर्वीच्या आजारामुळे विमा कंपनीने नाकारलेले. या लोकांना एकत्र बांधणारी संघटना नाही, त्यांचा एक मतदारसंघ नाही, आणि त्यांतले पुष्कळजण उद्या नोकरी लागली की त्या गटातून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी सुधारणा करायची म्हणजे संघटित, विमाधारक आणि नेमाने मतदान करणाऱ्या बहुसंख्यांना ‘तुमची घडी थोडी विस्कटू द्या’ असे सांगणे आले. विरोधाचे मूळ येथे आहे. त्याला मूर्खपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ओबामांनाही हे ठाऊक होते. म्हणूनच ‘तुमचा विमा तुम्हाला पसंत असेल, तर तो तुमच्याकडेच राहील’ असे आश्वासन त्यांनी पुन्हा पुन्हा दिले. कायदा २३ मार्च २०१० रोजी झाला, आणि २०१३ च्या शरद ऋतूत स्वतंत्रपणे विमा घेतलेल्या लाखो लोकांना कंपन्यांची पत्रे आली, की आपली पॉलिसी नव्या कायद्याच्या किमान अटींत बसत नसल्याने ती बंद होत आहे. अध्यक्षांना दूरचित्रवाणीवर दिलगिरी व्यक्त करावी लागली. बंद झालेल्या पॉलिसींपैकी अनेक तकलादू होत्या, हे खरे. पण ज्या माणसाने सभेत उभे राहून ‘माझे काय होणार?’ असे विचारले होते, त्याची शंका या एका बाबतीत खरी ठरली, हेही तितकेच खरे आहे.

प्रश्न : ‘माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावू नये’ असे एका सभेत कोणी म्हणाल्याचे वाचनात आले. मेडिकेअर ही तर सरकारचीच योजना! इतके अज्ञान असलेल्या लोकांशी चर्चा तरी काय करायची?

उत्तर : ही सभा साउथ कॅरोलायना राज्यातल्या सिम्प्सनव्हिल येथे झाली होती. प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सदस्य रॉबर्ट इंग्लिस यांनी त्या मतदाराला, ही योजना सरकारच चालवते, हे समजावून सांगायचा प्रयत्न केला; त्याला ते पटले नाही. पुढे देशभर त्या वाक्याची टर उडवली गेली. मला ती टर कधीच रुचली नाही, कारण त्या माणसाच्या चुकीच्या वाक्यामागचा हिशेब पुष्कळसा बरोबर होता.

मेडिकेअरसाठी प्रत्येक कामगाराच्या पगारातून १.४५ टक्के कापले जातात आणि तेवढीच रक्कम मालकाला भरावी लागते. उमेदीची सगळी वर्षे ही कपात पाहत आलेला माणूस पासष्टीला पोचतो, तेव्हा हातात पडणारे कार्ड त्याला स्वतःची कमाई वाटते. सरकारची मेहेरबानी वाटत नाही. त्याच्या लेखी ‘सरकारी’ म्हणजे दुसऱ्यासाठी असलेली आणि करातून चालणारी योजना. २०१० च्या कायद्याचा खर्च भागवण्यासाठी मेडिकेअरच्या पुढच्या दहा वर्षांतल्या खर्चवाढीतून सुमारे ५० हजार कोटी डॉलर वाचवायचे, असे ठरले होते. ही बचत रुग्णालयांना आणि खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर योजनांना द्यायच्या रकमेतून व्हायची होती, वृद्धांच्या मूळ हक्कांतून नव्हे. तरीही आपल्या खात्यातला पैसा दुसरीकडे वळतो आहे, हे त्या म्हाताऱ्या माणसाने ओळखले होते. ते त्याला नीट शब्दांत मांडता आले नाही, एवढेच.

वृद्धांच्या विरोधाचा सर्वांत बोलका दाखला याच्या वीस वर्षे आधीचा आहे. मेडिकेअरमध्ये सुरुवातीपासून दोन मोठी भगदाडे होती : दीर्घ आजारात रुग्णाने स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेला कमाल मर्यादा नव्हती, आणि रुग्णालयाबाहेर घ्यायच्या औषधांचा खर्च मिळत नव्हता. ही दोन्ही बुजवण्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दोन्ही पक्षांच्या मोठ्या बहुमताने कायदा केला आणि अध्यक्ष रेगन यांनी १ जुलै १९८८ रोजी त्यावर सही केली. वृद्धांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचाही त्याला पाठिंबा होता. कागदावर पाहिले तर विरोधाला जागाच नव्हती.

गाडी अडली ती पैशावर. या नव्या सोयींचा सगळा खर्च वृद्धांनीच आपसांत उचलावा, अशी त्या कायद्याची रचना होती. प्रत्येकाने महिन्याला चार डॉलर जास्त द्यायचे, आणि ज्यांना प्राप्तिकर बऱ्यापैकी लागतो त्यांनी त्यावर अधिभार भरायचा. तो १९८९ साली माणशी ८०० डॉलरपर्यंत, म्हणजे जोडप्याला १,६०० डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. आता ज्यांना हा अधिभार लागणार होता, त्यांच्यापैकी अनेकांना जुन्या कंपनीकडून निवृत्तीनंतरचा विमा आधीच मिळत होता. जे आपल्याकडे आहे तेच पुन्हा विकत घ्यायचे आणि वर शेजाऱ्याचेही भरायचे, असे त्यांना वाटले. ज्या खर्चाची वृद्धांना खरी धास्ती असते, तो म्हणजे शुश्रूषागृहात वर्षानुवर्षे राहण्याचा खर्च, त्याला तर या कायद्यात स्थानच नव्हते. पूर्ण ८०० डॉलर भरावे लागणारे लोक मूठभरच होते. पण टपालाने घरोघर गेलेल्या प्रचारपत्रांमुळे ती रक्कम आपल्यालाच भरावी लागणार, असे ज्यांचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता त्यांनाही वाटू लागले.

१७ ऑगस्ट १९८९ रोजी शिकागोत, अर्थविषयक समितीचे अध्यक्ष आणि या कायद्याचे एक शिल्पकार डॅन रोस्टेनकोव्स्की ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्याच मतदारसंघातल्या वृद्ध स्त्री-पुरुषांनी त्यांची मोटार अडवली. हातातले फलक काचांवर आपटले जात होते, आणि एक वृद्धा तर मोटारीच्या पुढच्या झाकणावरच चढली. अखेर रोस्टेनकोव्स्की गाडीतून उतरून पायी निघाले, एका पेट्रोल पंपाच्या आवारातून वाट काढत धावले आणि पलीकडे वळून आलेल्या मोटारीत बसले. देशातला एक बलाढ्य लोकप्रतिनिधी सत्तरीतल्या मतदारांपुढे धावताना सगळ्या देशाने संध्याकाळच्या बातम्यांत पाहिला. त्या वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने तो कायदा जवळजवळ संपूर्ण रद्द केला; प्रतिनिधिगृहात रद्द करण्याच्या बाजूने ३६० आणि विरुद्ध ६६ मते पडली होती.

यात नुकसान कोणाचे झाले, हेही सांगायला हवे. ज्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या वृद्धांना महिना चार डॉलरमध्ये औषधांची सोय मिळणार होती, त्यांना ती पुढे २००६ सालापर्यंत मिळाली नाही. औषधांवरच्या स्वतःच्या खर्चाला वर्षाला २,००० डॉलरची मर्यादा लागू व्हायला तर २०२५ साल उजाडले. मोटारीभोवती जमलेल्यांपैकी फारच थोडे तोवर हयात असतील. हा विरोध कोणा विमा कंपनीने रचलेला नव्हता आणि त्यात पक्षीय द्वेषही नव्हता; भरणारे कोण आणि घेणारे कोण, हा हिशेब कायदा करणाऱ्यांनी लोकांसमोर वेळीच मांडला नाही, त्याची ती किंमत होती.

प्रश्न : ‘मृत्यूच्या समित्या’ नेमल्या जाणार, अशी अफवा त्या काळात पसरली होती. ती धादांत खोटी होती ना? मग शिकलेल्या समाजात तिच्यावर विश्वास कसा बसला?

उत्तर : होय, धादांत खोटी होती. मसुद्याच्या १२३३ क्रमांकाच्या कलमात एवढेच म्हटले होते की, शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, कृत्रिम श्वासोच्छ्वास हवा की नको, आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, या गोष्टींविषयी एखाद्या वृद्धाने आपल्या डॉक्टरांशी बोलायचे ठरवले, तर त्या भेटीचे शुल्क मेडिकेअर डॉक्टरांना देईल; आणि ते साधारणपणे पाच वर्षांतून एकदा. भेट ऐच्छिक होती. जुलै २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या माजी उपगव्हर्नर बेट्सी मॅकॉय यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत ती सक्तीची असल्याचे सांगितले. ७ ऑगस्टला अलास्काच्या माजी गव्हर्नर सेरा पेलिन यांनी फेसबुकवर लिहिले की, आपल्या वृद्ध आईवडिलांना आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाला ओबामांच्या ‘मृत्यूच्या समिती’पुढे उभे राहावे लागेल आणि कोण जगण्यास लायक आहे हे सरकारी अधिकारी ठरवतील. त्याच महिन्यात प्यू या संस्थेने घेतलेल्या पाहणीत बहुतेक सर्वांनी ही गोष्ट ऐकलेली होती आणि ऐकणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना ती खरी वाटत होती.

विश्वास का बसला, याचे उत्तर मात्र एका फेसबुक नोंदीत सापडणार नाही. मरणाविषयी डॉक्टरांशी बोलणे ही मुळातच जड जाणारी गोष्ट आहे. तशा बोलण्याचा उल्लेख ज्या कायद्यात आला, तोच कायदा खर्च कमी करण्याचीही भाषा बोलत होता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षातले उपचार फार खर्चिक असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. या दोन गोष्टी हजारावर पानांच्या एकाच मसुद्यात शेजारी आल्यावर, म्हातारपणी ओझे होण्याची धास्ती आधीच मनात बाळगून असलेल्या माणसाने त्यांचा संबंध जोडला, तर मला त्याचे नवल वाटत नाही. संताप वाटतो तो, हा संबंध खोटा आहे हे जाणू शकणाऱ्या आणि तरीही तो पसरवणाऱ्या राजकारण्यांचा. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली हे त्या वेळी कायद्याच्या वाटाघाटीत स्वतः बसलेले होते, आणि तेच आपल्या मतदारांच्या सभेत आजीचे उपचार थांबवण्याचा निर्णय सरकारच्या हाती जाण्याच्या भीतीला दुजोरा देऊन गेले.

ते कलम अखेर वगळले गेले. डॉक्टरांच्या अशा भेटीचे शुल्क मेडिकेअर जानेवारी २०१६ पासून देऊ लागली आहे; त्यासाठी कोणतीही समिती नेमावी लागली नाही. मधल्या सहा वर्षांत ज्यांना आपले शेवटचे म्हणणे घरच्यांपुढे आणि डॉक्टरांपुढे मांडायचे राहून गेले, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर आहे आणि ती म्हणते की, सरकारी आरोग्यव्यवस्थेला सर्वत्र पहिला विरोध डॉक्टरांनीच केला. हे खरे आहे का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९ नोव्हेंबर १९४५ रोजी काँग्रेसला संदेश पाठवून सक्तीच्या राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी केली. १९४८ ची निवडणूक ते अनपेक्षितपणे जिंकले, तेव्हा आता हा विमा येतोच असे दिसू लागले. लगेच अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची वर्गणी बसवली आणि कॅलिफोर्नियातल्या क्लेम व्हिटेकर आणि लिओनी बॅक्स्टर या पती-पत्नींना प्रचाराचे काम दिले. त्याच राज्यात गव्हर्नर अर्ल वॉरन यांची विमा योजना त्यांनी १९४५ साली आधीच पाडलेली होती.

त्यांच्या कामाची रीत आजही अभ्यासण्यासारखी आहे. आजारी मुलाच्या उशाशी चिंतातुर बसलेल्या डॉक्टरांचे, ल्यूक फिल्ड्स या ब्रिटिश चित्रकाराने १८९१ साली काढलेले प्रसिद्ध चित्र त्यांनी निवडले आणि ‘या चित्रात राजकारण आणू नका’ अशा मजकुरासह ते देशभरच्या दवाखान्यांत पोचवले. डॉक्टरांची वाट पाहत बसलेल्या रुग्णाच्या समोरच ते भिंतीवर असे. लेनिनच्या नावावर खपवलेले, पण त्याच्या लेखनात कधीच न सापडलेले एक वाक्यही त्यांनी पत्रकात छापले. पण केवळ भीतीवर लढाई जिंकता येत नाही, हे त्या दोघांना पक्के ठाऊक होते. म्हणून सरकारी योजनेला नकार देतानाच, खासगी विमा स्वेच्छेने घ्या, असा प्रचारही त्यांनी जोराने केला. पुढच्या काळात लाखो कुटुंबांनी तसा विमा घेतला, आणि मग प्रत्येक नव्या सुधारणेच्या वेळी त्या कुटुंबांकडे गमावण्यासारखे काहीतरी असे. पहिल्या प्रश्नात ज्या पाच जणांविषयी लिहिले, त्यांची फळी बांधायला या मोहिमेचा मोठा हातभार लागलेला आहे.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांचे मत घेतले, तेव्हा दहांपैकी नऊ जण राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या विरोधात निघाले. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी सामान्य डॉक्टरांना पूर्णतः पगारी नोकर केले जाणार नाही, अशी हमी दिली; तज्ज्ञांना सरकारी रुग्णालयांतच खासगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली. ५ जुलैला सेवा सुरू झाली आणि बहुसंख्य डॉक्टर तिच्यात आले. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सरकारी वैद्यकीय विमा लागू झाला, त्याच दिवशी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. ‘आमचे डॉक्टर आम्हाला राहू द्या’ म्हणत नागरिकांच्या समित्याही रस्त्यावर उतरल्या. त्या समित्यांतली माणसे विकत घेतलेली नव्हती. लहान गावात एकुलता एक डॉक्टर निघून गेला तर आपल्या मुलांकडे कोण पाहणार, ही त्यांची काळजी अगदी खरी होती. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले, आणि तीन आठवड्यांनी तडजोड झाली. दवाखाना डॉक्टरांच्याच मालकीचा राहील, फक्त बिल सरकार भरेल, हे कळल्यावर विरोध झपाट्याने ओसरला. दहा वर्षांच्या आत अशीच योजना कॅनडाच्या सर्व प्रांतांत पोचली.

आपल्या मुलीला एवढे अवश्य सांगावे की, या विरोधात उत्पन्नाची चिंता होती, तशीच रुग्णाविषयीच्या निर्णयात तिसऱ्या कोणाचा हात नको, ही व्यवसायाच्या स्वातंत्र्याची चाडही होती. ज्या सरकारांनी या दुसऱ्या भावनेचा मान राखला, त्यांना पहिली हाताळणे सोपे गेले.

प्रश्न : म्हणजे हा सारा विरोध अखेर पैसे देऊन उभा केलेलाच म्हणायचा का? विमा कंपन्यांचे हितसंबंध तर उघड आहेत.

उत्तर : हितसंबंध उघड आहेत आणि पैसाही ओतला गेला. १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या योजनेविरुद्ध विमा कंपन्यांच्या संघटनेने हॅरी आणि लुईस नावाच्या जोडप्याच्या जाहिराती दाखवल्या. मध्यमवयीन नवरा-बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बिले चाळतात आणि नव्या योजनेत आपल्याला हवा तो विमा निवडता येणार नाही म्हणून काळजी करतात, एवढाच त्यांचा विषय. हिलरी क्लिंटन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला मसुदा १,३४२ पानांचा होता आणि त्यात प्रत्येक प्रदेशात विमा खरेदी करणाऱ्या नव्या मंडळांची कल्पना होती. आपल्या कुटुंबाला नेमके काय मिळणार, हे एखाद्या सुशिक्षित माणसालाही तो वाचून कळले नसते. जाहिरातीतली शंका त्या न कळण्यावर अचूक जाऊन बसली. सप्टेंबर १९९४ पर्यंत योजना संपली होती. २००९ सालीही निरनिराळ्या गटांनी बसगाड्या भरून माणसे आणली, सभांत काय विचारायचे याच्या सूचना वाटल्या. तरीही मला वाटते की, पैसा विरोधाचा आवाज वाढवू शकतो, त्याला दिशा देऊ शकतो. पण ज्या घरात शंकाच नाही, तेथे तो ती निर्माण करू शकत नाही. हा विरोध विकतचा आहे असे म्हणून सुधारणेचे समर्थक स्वतःची समजूत घालतात आणि खऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे टाळतात.

एक कारण मात्र पैशाच्या पलीकडचे आहे आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या सत्ताधाऱ्यांना केंद्राच्या पैशाबरोबर येणारी समानतेची अट नको होती. जुलै १९६६ पासून मेडिकेअरचा पैसा हवा असेल, तर गोऱ्या आणि काळ्या रुग्णांचे वेगवेगळे कक्ष बंद करणे रुग्णालयांना भाग पडले, आणि काही महिन्यांतच हजारावर रुग्णालयांनी ते केले. या बदलामुळे दुखावलेल्यांचा राग पुढे ‘केंद्र सरकारची ढवळाढवळ’ या सभ्य नावाने बराच काळ बोलत राहिला.

प्रश्न : एखाद्या राज्याने पूर्ण सरकारी विमा स्वतःपुरता करून पाहिला आहे का?

उत्तर : व्हर्माँटने प्रयत्न केला. तेथील विधिमंडळाने २०११ साली तसा कायदाही केला. परंतु मालकांवर पगारखर्चाच्या ११.५ टक्के कर आणि त्याशिवाय लोकांवर ९.५ टक्क्यांपर्यंत उत्पन्नावरचा कर लावावा लागेल, असा हिशेब हाती आल्यावर गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये तो बेत सोडून दिला. कोलोरॅडोत २०१६ साली हाच प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि पाचांपैकी जवळजवळ चार जणांनी नकार दिला. लोक सध्या हप्त्यांवर जे भरतात त्याच्या बदल्यात हा कर असता, पण हप्ता दिसत नाही आणि कर दिसतो. कैसर फॅमिली फाउंडेशनने जानेवारी २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत सर्वांसाठी एकच सरकारी विमा असावा, या कल्पनेला ५६ टक्के लोकांचा पाठिंबा होता. त्यासाठी बहुतेकांना जास्त कर भरावा लागेल असे सांगताच तो ३७ टक्क्यांवर आला. खासगी विमा कंपन्या राहणार नाहीत, असे सांगितल्यावरही आकडा तोच उतरला.

प्रश्न : ज्या कायद्याला एवढा विरोध झाला, तोच रद्द करायला पुन्हा विरोध झाला, असे ऐकतो. लोकांचे मत खरोखर बदलले, की फक्त विरोध करणारे बदलले?

उत्तर : दोन्ही थोडे थोडे घडले. २०१७ पर्यंत कायद्याने दिलेल्या गोष्टी लोकांच्या संसारात मुरल्या होत्या : जुन्या आजाराच्या कारणावरून विमा नाकारता येत नव्हता, मुलांना सव्वीस वर्षांपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येत होते, आणि ज्या राज्यांनी मेडिकेड वाढवले तेथे तुटपुंज्या कमाईच्या लाखो माणसांना प्रथमच कार्ड मिळाले होते. रिपब्लिकन पक्षाने तो रद्द करायला घेताच सभागृहे पुन्हा भरली, आणि या वेळी प्रश्न विचारणारे हाच कायदा राखण्यासाठी आले होते. ज्या ग्रासलींचा उल्लेख वर आला, त्यांच्याच आयोवातल्या सभेत फेब्रुवारी २०१७ मध्ये एका शेतकऱ्याने त्यांना सुनावले की, लोकांना विमाच परवडेनासा केला तर तीच या देशातली सर्वांत मोठी मृत्यूची समिती ठरेल. २८ जुलैच्या पहाटे सिनेटमध्ये जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिले आणि रद्द करण्याचा ठराव ४९ विरुद्ध ५१ असा पडला.

त्यानंतरची हकीकत अधिक बोलकी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली या कायद्यातली मेडिकेडची वाढ राज्यांच्या मर्जीवर सोपवली होती आणि अनेक रिपब्लिकन राज्यांनी ती नाकारली होती. तेथील नागरिकांनी सह्या गोळा करून हा प्रश्न मतदानाला आणला. मेन राज्यात २०१७ साली, आयडाहो, युटा आणि नेब्रास्कात २०१८ साली, ओक्लाहोमा आणि मिझुरीत २०२० साली, साउथ डकोटात २०२२ साली मतदारांनी तो मंजूर केला. आयडाहोत तर दहांपैकी सहा जणांनी होकार दिला, आणि हे राज्य अध्यक्षपदासाठी कित्येक दशके रिपब्लिकन उमेदवारालाच निवडत आलेले आहे. एकाच मतपत्रिकेवर रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार आणि त्याच पक्षाने विरोध केलेली योजना, अशा दोन्हींपुढे खूण करणारी ही माणसे होती.

विजयानंतरही काम सोपे झाले नाही. मेनचे गव्हर्नर पॉल लेपाज यांनी लोकांचा कौल अमलात आणायचे नाकारले, आणि नव्या गव्हर्नर येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, पात्र लोकांना थांबावे लागले. मिझुरीच्या मतदारांनी ही तरतूद राज्याच्या घटनेतच घातली होती; तरी विधिमंडळाने तिच्यासाठी पैसे मंजूर केले नाहीत, आणि जुलै २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांच्या बाजूने निर्णय दिल्यावरच तेथे अर्ज घेणे सुरू झाले.